जुनी सायकल : मूळ रूप कीं नवी सुधारणा ?

इ. स. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल बाजारांत आणली. तत्पूर्वींच्या सायकलीचें पुढचें चाक अवाढव्य व मागचें चिमुकलें असे. तिच्यावरून पडणारा बहुधा तोंडघशींच पडे. स्टार्लीनें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं केलीं व साखळीच्या योगानें मागच्या चाकास गति दिली. आजची सायकल तिचीच वंशज होय. मात्र तिचे टायर भरीव रबराचे होते. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील जॉन बॉयड डनलॉप या पशुवैद्यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें, आणि थोड्याच वर्षांत भरीव टायर मागें पडले. तेव्हां कित्येक मालकांनीं आपल्या जुन्या सायकलींनाहि हवेचे टायर बसवून घेतले.

अशी एखादी सायकल आज अडगळींतून बाहेर निघाली, तर तिचें ‘मूळ रूप’ कोणतें समजावयाचें ? कारखान्यांतून निघालें तें, कीं मालकानें सुधारून वर्षानुवर्षें वापरलें तें ?

हा वाद सायकलीहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें व्हियोले-ल-द्यूक हा वास्तुविशारद जीर्ण इमारतींना कल्पनेनें पूर्णत्व देत असे. इंग्लंडांत जॉन रस्किननें १८४९ मध्यें अशा जीर्णोद्धारावर कडक टीका केली, आणि १८७७ मध्यें विल्यम मॉरिसनें प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ एक संस्थाच स्थापिली. पुढें १९६४ च्या व्हेनिस सनदेनें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असा दंडक घालून दिला.

हाच दंडक सायकलीस लावला म्हणजे कित्येक चुका उघड होतात. १९१० च्या सुमाराच्या सायकलीवर निकेलचा मुलामा असे. त्याची झांक किंचित् पिवळसर. क्रोमचा निळसर लखलखाट १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आला. तेव्हां त्या सायकलीस क्रोम चढविणें म्हणजे तिच्या तोंडीं खोटी साक्ष घालणें होय. स्टर्मी-आर्चरच्या तीन वेगांच्या कित्येक हबांवर निर्मितीचें सालच कोरलेलें असतें. तो हब भंगारांत टाकला कीं जन्मपत्रिकाच हरवली. काळा रंग खरवडून नवा दिला, तर हातानें ओढलेल्या सोनेरी रेघा कायमच्या जातात. रंग पुन्हां देतां येतो. रेघ ओढणारा हात पुन्हां येत नाहीं.

उलट पक्षहि पोकळ नाहीं. सायकल ही चालण्यासाठींच जन्मली. पोलादी रिमवर रबराचा ठोकळा पावसांत नीट पकड घेत नाहीं. ॲल्युमिनियमच्या रिमवर ती पकड पुष्कळच चांगली बसते. आजच्या रहदारींत केवळ अस्सलपणाच्या हौसेपायीं माणसाचा जीव धोक्यांत घालणें हें इतिहासप्रेम नव्हे. ब्रिटनमध्यें १९५५ पासून जुन्या सायकलींच्या भोक्त्यांचें एक मंडळ आहे. त्याचे सभासद आपल्या सायकली केवळ पुसून ठेवीत नाहींत, त्यांवरून दूरवर फेरफटकेहि करतात.

तडजोडीची कसोटी एकच : केलेला बदल उलटवितां येतो कीं नाहीं ? ब्रेकचे ठोकळे, टायर, दिवा हे सुखानें बदलावेत. ॲल्युमिनियमच्या रिमचीं नवीं चाकें बसवावयाचीं, तर जुनीं तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावींत. परंतु सांगाडा कापूं नये, त्यास भोक पाडूं नये, आणि मूळ रंगास हात लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

स्टार्लीची ‘रोव्हर’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत स्थिर उभी आहे, व तेंच योग्य. पण घरांतील आजोबांच्या सायकलीस संग्रहालयाची भिंत नसते. नातवानें ती पुसून, तिचे ब्रेक सुधारून रस्त्यावर काढावी. मात्र झिजलेली मूठ व पोचा आलेलें मडगार्ड तसेंच राहूं द्यावें. कारण तेवढा भाग कारखान्यानें नव्हे, आजोबांनीं घडविलेला असतो.