डालड्याचा रंग



“आपण कोणते तेल खाता?” हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतो. कोणी लाकडी घाण्याचे तेल आणतो, कोणी रिफाइंड सोडल्याचे सांगतो, कोणी पुन्हा घरी लोणी कढवू लागला आहे. कारखान्यातून डबाबंद होऊन आलेल्या अन्नावर शहाण्यासुरत्या माणसाचा भरवसा राहिलेला नाही. हा अविश्वास कालपरवाचा नव्हे. आपल्या देशात त्याचा पहिला मोठा खटला वनस्पती तुपावर उभा राहिला आणि तो पाऊणशे वर्षे चालला. त्याची हकीगत आपणांपुढे ठेवावी एवढाच माझा हेतू आहे. मी डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्री तर नव्हेच. हॉटेल आणि कॅन्टीनमधल्या कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले, त्यामुळे तेलाचे डबे फोडणारे आणि कढया घासणारे हात जवळून पाहिले. बाकीचे वाचून समजून घेतले.

तेल पातळ असते आणि तूप थिजते. तेलालाही थिजवता आले तर? फ्रान्समध्ये साबात्ये ह्यांनी दाखवून दिले होते, की निकेल धातूची बारीक पूड मध्यस्थ ठेवली म्हणजे हायड्रोजन वायू दुसऱ्या पदार्थांशी जोडता येतो. विल्हेल्म नॉर्मान ह्या जर्मन रसायनज्ञाने तीच युक्ती तेलाला लावून 1902 साली पेटंट घेतले. 1911 मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेले ‘क्रिस्को’ बाजारात आले. आपल्याकडे असला माल आधी हॉलंडहून बोटीने येई. पुढे 1932 साली लिव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना घातला, आणि 1937 पासून ‘डालडा’ हे नाव चालू झाले. आयात करणाऱ्या ‘डाडा’ पेढीच्या नावात लिव्हरचा ‘ल’ बसवला, झाला डालडा! जाहिरातीसाठी गोल डब्याच्या आकाराची मोटारगाडी शहरातून फिरवली. डब्यावर ताडाचे झाड काढलेले होते. आत मात्र त्या काळी मुख्यतः भुईमुगाचे तेल. (पुढे परदेशचे पामतेल आले, तेव्हा कुठे चित्र खरे झाले.)

मालात वाईट काय होते? स्वस्त होता, टिकाऊ होता, दिसायला तुपासारखा रवाळ होता. सगळी भानगड ह्या शेवटच्या गुणात आहे. तुपाच्या दुकानदाराने डालडा साजूक तुपात मिसळला तर गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नव्हती. गांधीजींनी 1946 मध्ये ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले, त्यात हा फसवणुकीचा मुद्दा होताच. गोरक्षणवाले उठले, दूधदुभत्याचा धंदा करणारे उठले. तुपाचे व्यापारीही उठले, आणि येथे माझ्यासारख्या माणसाला हसू येते, कारण भेसळ करणारे हात त्यांच्याच दुकानांत होते. कारखानदाराने तुपासारखे दिसेल असे करून ठेवले, व्यापाऱ्याने तूप म्हणून विकले, आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले.

लोकांत नाना बोलवा होत्या. वनस्पती खाणाऱ्या उंदरांची तिसरी पिढी आंधळी निपजते, ही त्यातली सर्वांत गाजलेली. सरकारने प्रयोगशाळांतून तपास करवला. वितळबिंदू 37 अंशांच्या आत ठेवला तर अपाय दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे शरीराच्या उष्णतेने जे वितळते ते पचते, असा साधा हिशेब. त्या वेळच्या मोजमापांनी जे सापडण्यासारखे होते ते शास्त्रज्ञांनी सांगितले. त्यांना मी दोष देत नाही.

परंतु ‘अपाय होतो की नाही’ ह्या वादाच्या गलबल्यात एक साधी मागणी होती, ती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. वनस्पतीला रंग द्या! पांढरे, पिवळे, तुपाशी मिळतेजुळते असे ते नको. डबा उघडताच ओळखू येईल असा रंग त्यात घाला. मग ज्याला खायचे त्याने खुशाल खावे. ठाकूरदास भार्गव ह्यांनी 1950 साली संसदेत वनस्पतीच्या बंदीचे विधेयक आणले, त्यावर देशभर लोकमत अजमावले गेले, पण ते मंजूर झाले नाही. रंगाचा शोध मात्र चालू राहिला. रतनजोतीचे नाव निघाले. रंग निर्धोक पाहिजे, तापवल्यावर टिकला पाहिजे, आणि भेसळ करणाऱ्याला तो काढून टाकता येऊ नये, अशा अटी होत्या. ह्या सगळ्या अटी पुऱ्या करणारा रंग काही मिळाला नाही. ज्या विद्येने पातळ तेल दगडासारखे थिजवले, तिला चिमूटभर रंग सापडू नये, ह्याचे नवल वाटते.

रंगाऐवजी दुसरी खूण चालू राहिली. प्रत्येक वनस्पतीत निदान शेकडा पाच तिळाचे तेल घालावे, असा नियम होता. तिळाच्या तेलाचा गुण असा, की त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल, किंवा नुसती साखर, घालून हलवले म्हणजे आम्लाचा थर किरमिजी होतो. तुपाचा नमुना किरमिजी झाला की आत वनस्पती आहे हे सिद्ध. पद्धत उत्तम, कज्जेदलालीत उपयोगी, 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली नमुने तपासणाऱ्यालाही उपयोगी. पण स्वयंपाकघरात आम्लाची बाटली कोण ठेवतो? खूण तेलात होती, ती वाचण्याचे साधन सरकारी प्रयोगशाळेत होते, आणि खाणारा मध्येच उभा.

आणि खाणाऱ्यांतही दोन जाती पडल्या. घरी गाय असलेला किंवा ओळखीचा गवळी असलेला मनुष्य ‘आम्ही डालडा शिवत नाही’ असे म्हणू शके. गिरणगावातल्या खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवणारा, खाड्यांचा हिशेब करणारा गडी काय म्हणणार? खानावळवाल्या बाईंचेच वाण्याकडे उधारीचे खाते. ती घेईल ते ताटात येई. उलट न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की गरिबाच्या घरी दिवाळीला शिरा झाला तो पुष्कळदा ह्याच डब्यामुळे. 1972 साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ह्यांच्या महागाई प्रतिकार समितीच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या धान्य, तेल, रॉकेल परवडणाऱ्या भावात मिळावे म्हणून. पोटाला कमी पडते तेव्हा शुद्धतेचा विचार रांगेत मागे जातो.

1983 मध्ये आयात केलेली जनावरांची चरबी वनस्पतीत मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले, आणि जुना संशय पुन्हा पेटला. खरे उत्तर मात्र निराळ्याच दिशेने आले. तेल अर्धवट थिजवताना त्यातल्या काही वाकड्या रेणूंची कमान सरळ होते. त्यांना ‘ट्रान्स’ म्हणतात. 1990 मध्ये हॉलंडच्या मेन्सिंक आणि काटान ह्यांनी 59 निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे निरनिराळे स्निग्धांश खाऊ घालून दाखवले, की ट्रान्समुळे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. डेन्मार्कने 2003 मध्ये शेकडा दोनची मर्यादा घातली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती 2021 साली तीनवर आणि जानेवारी 2022 पासून दोनवर आणली. उंदीर आंधळे झाले नाहीत. माणसांच्या रक्तवाहिन्या मात्र सुटल्या नाहीत. म्हणजे लोकांचे कारण चुकीचे होते आणि संशय बरोबर होता. रंगाची मागणी मान्य झाली असती, तर ज्यांना हा माल नको होता त्यांना 1990 च्या शोधाची वाट पाहावी लागली नसती.

आज पाकिटावर घटकांची यादी छापावी लागते. चांगली गोष्ट आहे. पण वडापाव पाकिटातून येत नाही, कॅन्टीनची पुरीही नाही. तेच तेल किती वेळा तापवले हे कढई सांगत नाही. 1 जुलै 2018 पासून नियम आहे, की तळणाच्या तेलात ‘ध्रुवीय संयुगे’ शेकडा पंचवीसच्या वर गेली तर ते वापरू नये, आणि दिवसाला पन्नास लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवावी, असाही नियम पुढे झाला. ही नोंदवही मागण्याचा प्रश्न आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह आले, आणि त्याच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींना जागा मिळाली. चहाचा भाव आणि पुरीचा आकार ह्यांवर त्या समित्यांत तासन्‌तास चर्चा झालेल्या मी ऐकल्या आहेत. एका कारखान्यात एका तरुण फिटरने मात्र बैठकीत विचारले, “तेलाचा डबा बघायला मिळेल का?” कंत्राटदार म्हणाला, असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. पुढच्या आठवड्यापासून फोडलेल्या डब्यांची लेबले भटारखान्याच्या दारावर लावण्याचे ठरले. पहिल्या महिन्यात तीन निरनिराळ्या कंपन्यांची लेबले लागली, आणि एका डब्याला लेबलच नव्हते.