मनकवड्यांना मनाई

मराठीत ‘मनकवडा’ हा शब्द कौतुकाचा आहे. न विचारता चहात बेताची साखर घालणारी वहिनी मनकवडी, आणि आपल्याला उसने पैसे मागायचे आहेत हे ओळखून पलीकडच्या फुटपाथवर जाणारा मित्रही मनकवडाच. पण खरोखरीच दुसऱ्याच्या मनातले वाचता येणारा माणूस निघाला, तर त्याचे काय करायचे? इतिहास चाळला तर उत्तर बहुधा एकच मिळते : त्याला मनाई करायची! मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. बी. कॉम. होऊन बँकेला चिकटलेला कारकून. पण काउंटरवर बसून रोज शंभर चेहरे पाहणाऱ्याला या विषयात थोडेफार स्वारस्य असायचेच.

पहिली मनाई खुद्द भगवान बुद्धांची. नालंद्याच्या आंबराईत केवट्ट नावाचा एक गृहस्थपुत्र त्यांच्याकडे आला. नालंदा भरभराटीचे गाव आहे, एखाद्या भिक्षूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल, असा त्याचा आग्रह. आमच्या भाषेत, ‘एखादी आकर्षक योजना काढा, ठेवी वाढतील.’ दीघ निकायात ही हकिकत आहे. बुद्धांनी साफ नकार दिला. हवेत उडण्यासारखे चमत्कार एक, दुसऱ्याचे मन ओळखणे दोन आणि उपदेश तीन, असे प्रकार त्यांनी सांगितले. एखाद्याने मन ओळखून दाखवलेच, तर संशयी माणूस म्हणणार, यात काय, ही तर मणिका विद्या! म्हणून असल्या प्रकाराची आपल्याला लाज वाटते, असे बुद्ध म्हणाले. श्रेष्ठ ठरला तो उपदेशच. गंमत पाहा, मन वाचता येत नाही असे ते म्हणत नाहीत. येते, पण त्याचे प्रदर्शन मांडू नये.

पतंजलींनीही योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात परचित्तज्ञान सांगितले आहे. पण सांगितल्याबरोबर खाली एक अट घातली आहे, विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात असते तशी. योग्याला दुसऱ्याचे चित्त कळते, पण ते कशावर जडले आहे ते कळत नाही! म्हणजे साहेब भडकले आहेत हे कळणार, कोणावर भडकले आहेत हे नाही. अहो, एवढे तर आमच्या शिपायाला साहेबांच्या घंटीवरून कळते. पुढे त्याच पादात, असल्या सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, असा शेराही मारून ठेवला आहे. बारा वर्षे तप करून हाती काय आले, तर अडथळा.

विसाव्या शतकात सिद्धीचे काम यंत्राकडे आले. विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की खोटे बोलताना माणसाचा रक्तदाब चढतो. (बँकेत तो खरे बोलतानाही चढतो, पण ते असो.) 1923 साली वॉशिंग्टनच्या न्यायालयाने त्याची ही परीक्षा पुरावा म्हणून नाकारली. गडी खट्टू झाला नाही. 1941 साली त्याने ‘वंडर वूमन’ ही चित्रकथेतली नायिका जन्माला घातली, आणि तिच्या जादूच्या दोरात सापडलेला माणूस मुकाट्याने खरे बोलू लागला. कोर्टात जमले नाही ते चित्रांत जमले.

कल्पनेच्या जगातही या विद्येला मोकळे रान नाही, बरे का. आल्फ्रेड बेस्टरच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ला 1953 साली पहिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यातल्या चोविसाव्या शतकात मन वाचणाऱ्यांची रीतसर संघटना आहे आणि तिचे कडक नियम आहेत. पोलीस अधिकारी स्वतः मनकवडा. खुनी कोण हे त्याला ठाऊक आहे. पण मनातून उचललेला पुरावा कोर्टात चालत नाही, म्हणून बिचारा कादंबरीभर पायपीट करतो.

आपल्याकडे 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात मेंदूच्या चाचणीचा अहवाल पुराव्यात धरला गेला आणि जगभर चर्चा झाली. मग 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला : नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी, तिन्ही माणसाच्या संमतीशिवाय करायच्या नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असे राज्यघटनेचे विसावे कलम सांगते. तोंड बंद ठेवायचा हक्क असेल, तर मेंदूला मागच्या दाराने बोलते करण्यात काय अर्थ?

मला या सगळ्यात एक गोष्ट दिसते. मन वाचले जाते ते नेहमी वरून खाली. फौजदाराने आरोपीचे वाचायचे, मालकाने नोकराचे. अमेरिकेत खासगी मालक नोकरांना सर्रास त्या यंत्राला जुंपू लागले, तेव्हा 1988 साली कायदा करून बहुतेकांना मनाई करावी लागली. सरकारने त्यातून स्वतःला मात्र वगळले! नोकराने साहेबांना खुर्चीत बसवून, छातीला पट्टा बांधून, ‘माझी बढती नक्की का अडली?’ असे विचारण्याची सोय कुठल्याच देशात निघालेली नाही.

तोवर ही मनाई राहिलेली बरी. आमच्या काउंटरवर चेक आला, की आम्ही तारीख पाहतो, रक्कम पाहतो, सही ताडून पाहतो. पैसे कशाला हवेत, हे ज्याचे त्याने सांगावे, नाहीतर न सांगता टोकन घेऊन बाकावर जाऊन बसावे.