पुदिन्याचा मुक्काम

अमृतधारेत ओव्याचे फूल आणि कापूर यांच्यासोबत पडणारे पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल. जगातल्या नैसर्गिक मेंथॉलचा मोठा वाटा आज उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी, संभल या भागातून जातो. १९३० च्या दशकात तो मान जपानच्या होक्काइडो बेटावरील कितामीकडे होता. १९३४ साली तिथे तेलशुद्धीचा कारखाना निघाला आणि दशक संपता संपता जगातले सुमारे ७० टक्के उत्पादन त्या परिसरात होऊ लागले. मग हे पीक तिथून का हलले? हवा-माती हे उत्तर लगेच सुचते, पण ते अपुरे आहे. कितामीची शेते हिवाळाभर बर्फाखाली असतात, बाराबंकीत मे महिन्यात लू वाहते, तरी जपानी पुदिना दोन्हीकडे फोफावला. जमिनीखालून सरपटणाऱ्या दांड्याचा बोटभर तुकडा ओलीत पुरला तरी तो फुटतो. पिकाचा मुक्काम ठरला तो शेतकऱ्याच्या वर्षात त्याला मोकळे महिने कुठे सापडले, यावर.

महायुद्धात कितामीच्या जमिनी अन्नधान्याकडे वळल्या. पुढे स्वस्त आयात तेल आणि कृत्रिम मेंथॉल यांच्यापुढे तिथला कारखाना टिकला नाही. १९८३ साली तो बंद झाला. भारतात हा पुदिना १९५० च्या दशकात जपानहूनच आला, पण खरा पसरला तो लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने कोसीसारखे लवकर तयार होणारे वाण दिल्यावर. बटाटा किंवा गहू निघाल्यावर रोपे लावायची, खुरपणी आणि पाणी वेळेवर सांभाळायचे, पावसाआधी कापणी करून त्याच शेतात भात घ्यायचा. कापलेला पाला थोडा सुकवून गावातल्याच टाकीत वाफेवर तेल काढतात. हे तेल डब्यात टिकते, म्हणून भाव येईपर्यंत थांबता येते. लहान शेतकऱ्याला भाजीपाल्यात ही सोय कुठली?

कृत्रिम मेंथॉलने कितामी संपवले, मग बाराबंकी कशी वाचली, असे कोणी विचारील. जे पीक दोन हंगामांच्या मधल्या फटीत बसते, त्याला जमिनीचा सगळा खर्च एकट्याने भरून काढावा लागत नाही. भूजलाचा आक्षेप मात्र मला अधिक गंभीर वाटतो. शेत मोकळे असते त्याच महिन्यांत ऊन सर्वांत कडक असते आणि कूपनलिका सतत चालतात. वरंब्यावर लावणी केल्यास पाणी कमी लागते. तरी उन्हाळ्यातला हा उपसा पिकाच्या हिशेबात धरायलाच हवा.