रोलर कोस्टर, कुंपण आणि आजीचे तिकीट

१/ एखाद्या थीम पार्कमध्ये नवा, अधिक उंच रोलर कोस्टर येणार अशी बातमी आली की एक वाद ठरलेला असतो. तरुण म्हणतात, हवाच. आईवडील विचारतात, लहान मुले आणि आजी यांना घेऊन आम्ही तिथे काय करायचे? हा वाद आजचा वाटतो. वस्तुतः त्याची मुळे सव्वाशे वर्षांहून जुनी आहेत. त्याचाच हा मागोवा.

२/ आरंभ नाशिकपासून करू. नवरात्रात कालिकादेवीची यात्रा भरते आणि रहाटपाळणे उभे राहतात. शब्दच पाहा : विहिरीवरचा रहाट आणि बाळाचा पाळणा. या यात्रेच्या वेशीवर तिकीट नसते. ज्याला बसायचे त्याने पाळण्याचे पैसे द्यावेत. आजीने देवीची ओटी भरावी आणि मान वर करून नातवंडांकडे पाहावे.

३/ पाळणा कितीही उंच असो, ‘हा कुटुंबाला शोभतो का’ असे जत्रेत कोणी विचारत नाही. थीम पार्कमध्ये मात्र हाच प्रश्न पहिला येतो. असे का? उत्तरासाठी रोलर कोस्टरच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

४/ अठराव्या शतकातील रशिया. हिवाळ्यात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून सत्तर-ऐंशी फूट उंचीच्या घसरगुंड्या उभारीत. सामान्य माणसे त्यावरून घसरत आणि दरबारी मंडळीही. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने तर उन्हाळ्यातही हा आनंद मिळावा म्हणून ओरानियेनबाउम येथे चाकांच्या गाड्यांची घसरगुंडी बांधवून घेतली.

५/ १८१७ मध्ये ही कल्पना पॅरिसला पोहोचली. तेथील बेलव्हिलच्या घसरगुंडीत गाडीची चाके रुळात अडकवलेली असत, म्हणून गाडी बाहेर फेकली जात नसे. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’च म्हणतात. गंमत अशी, की रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात.

६/ अमेरिकेतील वाट कोळशाच्या खाणीतून आली. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ पासून कोळशाच्या वाघिणी केवळ उताराच्या जोरावर डोंगराखाली येत. पुढे कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागली आणि या रुळांवर हौशी प्रवासी पैसे देऊन बसू लागले.

७/ १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. भाडे पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. प्रवासी बाकावर आडवे बसून बाहेरचा देखावा पाहत. दारूचे गुत्ते आणि बदनाम करमणुकी यांना सोज्वळ पर्याय द्यावा, ही थॉम्पसन यांची इच्छा होती.

८/ म्हणजे अमेरिकेतील रोलर कोस्टरचा जन्मच मुळी कुटुंबासाठी झाला! ‘कोस्टर म्हणजे केवळ तरुणांचे धाडस’ ही समजूत इतिहासाला धरून नाही. धाडस नंतर आले, आणि ते फार लवकर आले.

९/ १८९५ हे वर्ष लक्षात ठेवावे. कोनी आयलंडवर सी लायन पार्क उघडले. त्याने जागेला कुंपण घातले आणि प्रवेशद्वारावरच पैसे घेतले. त्याच उद्यानात ‘फ्लिप फ्लॅप’ हा माणसाला उलटा फिरवणारा कोस्टर होता. त्याचे वेटोळे अचूक वर्तुळाकार असल्याने वेटोळ्यात शिरताच एकदम धक्का बसे आणि प्रवाशांच्या माना दुखावत.

१०/ कुंपण आणि उलटे वेटोळे एकाच ठिकाणी अवतरले. आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. जत्रेत न बसणाऱ्याला काही द्यावे लागत नव्हते. कुंपण पडल्यावर न बसणाराही ग्राहक झाला. त्याने पैसे मोजले आहेत, तेव्हा त्याच्यासाठी आत काय आहे, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

११/ १९०१ च्या ‘लूप द लूप’ने वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ वापरून धक्का कमी केला, तरी बसणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांचीच गर्दी अधिक होई. खरा तोडगा १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘रिव्होल्यूशन’ने दाखवला. रेल्वेच्या वळणांवर क्रमाक्रमाने घट्ट होत जाणारी वक्ररेषा असते, तिच्या आधारे त्याचे वेटोळे थेंबाच्या आकाराचे केले. भार हळूहळू वाढू लागला आणि माना वाचल्या.

१२/ मधल्या काळात वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यात एकही रोलर कोस्टर नव्हता. आईवडील आणि मुले यांनी एकत्र रमावे, हा हेतू. तरीही १९५९ मध्ये तिथे ‘मॅटरहॉर्न’ हा कोस्टर आलाच. पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारा तो अग्रणी कोस्टर. गाड्या एका कृत्रिम हिमशिखरातून धावत, त्यामुळे खाली उभ्या असलेल्यांनाही तो देखावाच होता.

१३/ आणखी एक बारकावा. त्या काळी डिस्नेलँडमध्ये प्रवेश वेगळा आणि प्रत्येक खेळाचे तिकीट वेगळे असे. ‘मॅटरहॉर्न’ला सर्वांत महागडे ‘ई’ तिकीट लागे. न बसणाऱ्या आजीवर त्याचा भार पडत नसे. १९८२ मध्ये ही पद्धत संपली आणि सर्व खेळांचे एकच तिकीट झाले. जत्रेची उरलीसुरली खूण तिथेही पुसली गेली.

१४/ एक काळी नोंदही आवश्यक आहे. लंडनच्या बॅटरसी पार्कमधील ‘बिग डिपर’ हा कुटुंबांचा लाडका कोस्टर. ३० मे १९७२ रोजी गाडी वर ओढणारा दोर सुटला, मागे घसरणे रोखणारी योजना निकामी ठरली आणि पाच मुलांचा जीव गेला. कोस्टर बंद झाला. १९७४ मध्ये मनोरंजन उद्यानही मिटले. कोस्टर जुना आणि ओळखीचा आहे म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. रोजची तपासणी हीच सुरक्षितता.

१५/ आता आपल्याकडे. दिल्लीचे अप्पू घर १९८४ चे, मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ चे. दोन्ही आता बंद आहेत. २०१३ मध्ये खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांचे इमॅजिका सुरू झाले. तेथील ‘नायट्रो’ सुमारे ४० मीटर उंच, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, पाच वेळा उलटा करणारा. पायांखाली तळही नाही.

१६/ पण त्याच इमॅजिकात खाणीतल्या आगगाडीच्या कल्पनेवरचा ‘गोल्ड रश एक्सप्रेस’ हा सौम्य कोस्टरही आहे. मॉक चंकच्या वाघिणींचा हा जणू दूरचा वंशज! ‘नायट्रो’च्या दाराशी उंची मोजणारी पट्टी धाकट्याला मागे ठेवते, ‘गोल्ड रश’मध्ये तोच धाकटा वडिलांशेजारी बसू शकतो. मोठ्या कोस्टरला कौटुंबिक उद्यानात स्थान मिळते ते अशा धाकट्या भावामुळे.

१७/ खर्चाची बाजूही आहे. अवाढव्य भांडवलातून उभे राहिलेले इमॅजिका पुढे कर्जाने वाकले. २०२२ मध्ये त्याची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आली. नाशिक-पुणे रस्त्यावरचे हे गाव आपल्याला परके नाही. याच समूहाच्या शिर्डीतील साईतीर्थमध्ये तीर्थयात्रा घडवणारी सफर आणि साईबाबांवरील प्रयोग आहेत. तिथे आजी बाहेर थांबत नाही. सर्वांत पुढे असते.

१८/ तात्पर्य. नवा कोस्टर कुटुंबाच्या उद्यानात शोभतो का, हे त्याच्या उंचीवर ठरत नाही. धाकट्यासाठी त्याच्या वयाचा कोस्टर आहे का? तपासणीचा खर्च नव्या झगमगाटाइतकाच मनापासून होतो का? आणि खाली थांबणाऱ्यांना सावली, बाक आणि पाहण्याजोगे काही आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर चाळीस मीटरही चालतील.

१९/ एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असेल, तर तो कोस्टर जाहिरातीपुरता आहे आणि त्याचे पैसे आजीच्या तिकिटातून जात आहेत. कालिकादेवीच्या यात्रेतला रहाटपाळणा निदान तिच्याकडून काही घेत तरी नाही.