पहिली पटकथा आणि पालगडची विहीर

आजचा भाग रत्नागिरीतून, घरच्या माळ्यावर बसून रेकॉर्ड केलाय. कौलांवरचा पाऊस मध्येच ऐकू आला तर सांभाळून घ्या.

पहिली पटकथा कशी लिहायची, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. मी दिवसा कोड लिहिणारा माणूस, मी काय सांगणार! पण आजीवर एक शॉर्ट फिल्म लिहायला घेतली आणि पहिल्या खर्ड्यातच आपटलो. बारा पानं, त्यातली सात नुसती निवेदनाची. 'आजीने फार सोसलं' हे वाक्यच तीनदा. मित्र म्हणाला, ''अरे, हे ऐकायचं की बघायचं?''

मग 'श्यामची आई' पुन्हा काढलं. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी हे लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे संपवलं. पाच दिवस! (माझा एक सीन तीन आठवडे अडकला होता.) बेचाळीस रात्री, आणि प्रत्येक रात्री मोठा झालेला श्याम मित्रांना आठवणी सांगतोय. म्हणजे सगळं निवेदनच की. सिनेमावाल्याला ही खरी अडचण.

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला. तोवर 'ब्रह्मचारी'सारखी पटकथा त्यांच्या नावावर होती, हात बसलेला होता. वनमाला आई, माधव वझे श्याम. १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. तेव्हा गुरुजी हयात नव्हते, १९५० मध्येच गेले होते.

आता पुस्तकातली पोहण्याची गोष्ट आठवा. श्याम पाण्याला घाबरून लपून बसलाय. आई शिंपटी घेऊन त्याला शोधते, मारत विहिरीकडे पिटाळते. का मारलं ते नंतर सांगते. मला तरी वाटतं, पटकथेचं अर्धं काम गुरुजींनी इथेच करून ठेवलंय. भित्रा पोर, मायाळू आई, हातात शिंपटी, समोर विहीर. 'आईचं प्रेम कठोर होतं' असं कुणाला म्हणावं लागत नाही. संस्कार वगैरे शब्द आपण नंतर चिकटवतो.

म्हणून माझा सल्ला एवढाच, की आधी सगळं निवेदन खोडा आणि उरतं काय ते बघा. माझ्याकडे एकच प्रसंग उरला, आजोबांच्या मनीऑर्डरचा. आजोबा मुंबईला गिरणीत. आजी पोस्टमनची वाट बघायची. हे मी दोन पानं वर्णन केलं होतं. आता सीन असा आहे: पोस्टमन बेड्यापाशी येतो, न थांबता पुढे जातो. आजी आत येते, मापात घेतलेल्या तांदळातले मूठभर परत डब्यात टाकते. संवाद नाही.

आजीला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे मोबाईलवर शूट केलेला हा तुकडा तिला नुसताच दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ''मूठभर नाय रे, दोन मुठी.''

सीन बदललाय.