मोबाइल ॲपच्या धंद्याला गुंतवणूकदार कसा शोधावा? जालन्यातल्या तरुणांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

माझ्याकडे शिकून गेलेली मुलं हल्ली भेटली की हमखास विचारतात, "सर, ॲप बनवलंय, पैसा लावणारा कुठे मिळेल?" मागोमाग कधी अब्बाही येतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "याचे मामू सौदीहून पाच लाख देतो म्हणतात. घ्यावेत का? आणि बुडाले तर?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्रच पाहायला हवीत.

गुंतवणूक म्हणजे कर्ज नव्हे

कर्ज धंदा चालो न चालो, फेडावंच लागतं. बँकेचं असेल तर व्याजासह. गुंतवणूकदार मात्र धंद्यातला हिस्सा विकत घेतो. नफा झाला तर त्याचाही, तोटा झाला तर त्याचाही. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. मुदारबात एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते, नफ्याचं प्रमाण आधी ठरतं. मेहनत करणाऱ्याची चूक नसताना तोटा झाला, तर भांडवलवाल्याचा पैसा जातो आणि याची मेहनत जाते. मुशारकात दोघंही भांडवल घालतात. शेअर देऊन पैसे घेणं याच जातीचं आहे. पण "दरमहा पक्के दोन टक्के देईन" असं सांगून पैसे घेतले, तर ते नाव बदललेलं व्याजच.

हिस्सा किती द्यायचा?

बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत यांचं उदाहरण घ्या. पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून काम करता करता ते डिझाइन शिकले आणि पुढे डूग्राफिक्स ही कंपनी उभी केली. 2024 मध्ये शार्क टँक इंडियाच्या तिसऱ्या पर्वात अमन गुप्ता यांनी त्यांच्याशी 10 टक्के हिस्स्यासाठी 1 कोटी रुपयांचा सौदा केला. म्हणजे कंपनीची किंमत धरली 10 कोटी. हाच हिशेब घरी करा. मामूंचे 5 लाख घेऊन 10 टक्के दिले, तर कंपनीची किंमत 50 लाख ठरली. पहिल्याच पैशात 40-50 टक्के देऊन बसलात, तर पुढचा गुंतवणूकदार बिचकतो, कारण चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

कुठून सुरुवात करावी?

1. आधी ग्राहक : गूगल प्लेवर ॲप टाकायला एकदाच 25 डॉलर नोंदणी लागते. जालना स्टील आणि बियाण्यांचं गाव आहे. मोंढा आहे, दवाखाने आहेत, क्लासेस आहेत. दहा जणांना ॲप फुकट वापरायला द्या. महिन्याभरानंतर किती जण अजून वापरतात आणि त्यातले किती पैसे द्यायला तयार आहेत, हे वहीत लिहा. गुंतवणूकदार सगळ्यात आधी हेच विचारतो.

2. नोंदणी : शेअर द्यायचे तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. ती झाली की स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर मान्यतेसाठी अर्ज करा, त्याला फी नाही. एकट्याच्या मालकीच्या फर्मला ही मान्यता मिळत नाही.

3. सरकारी मदत : 2021 मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत नमुना तयार करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. ते परत करायचं नसतं. बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंतची रक्कम मात्र कर्ज किंवा डिबेंचरच्या रूपात होती, म्हणून व्याजाची अट आधी वाचा. अर्ज चालू आहेत का, तेही पोर्टलवर पाहून घ्या.

4. इन्क्युबेटर : हा पैसा इन्क्युबेटरमार्फत येतो. आपल्याला जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगर, साधारण 60 किलोमीटर. तिथे उद्योजकांच्या सीएमआयए संघटनेनं उभं केलेलं 'मॅजिक' आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. एंजल गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचण्याचा रस्ताही बहुधा इथूनच निघतो.

घरच्यांचा पैसा घेताना

सगळ्यात जास्त नाती इथेच तुटतात. म्हणून :

• शब्दावर घेऊ नका. रक्कम, हिस्सा, तोटा झाल्यास काय आणि बाहेर पडायचं तर कसं, हे लिहून सह्या करा, साक्षीदार ठेवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या आयत 282 मध्ये आहेच.

• पैसा बँकेतूनच घ्या. परदेशातून येणार असेल तर फेमा कायदा लागू होतो. आधी सीएंना विचारा.

• व्हॉट्सॲप ग्रुपवर "पैसे लावा" अशी जाहिरात करू नका. प्रायव्हेट कंपनीला लोकांना उघड आवाहन करून शेअर विकता येत नाहीत. परताव्याची हमी देऊन लोकांकडून ठेवी घेतल्या, तर 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याखाली तुरुंगाची वेळ येऊ शकते.

• आईचे दागिने, बहिणीच्या लग्नाचा पैसा, घराचे कागद यांना हात लावू नका. सुरुवातीच्या अवस्थेतले बहुतेक धंदे चालत नाहीत. त्यात लावायचा तो बुडाला तरी घर चालेल असाच पैसा.

एक चांगली बातमीही आहे. शेअरच्या चढ्या किमतीवर लागणारा 'एंजल टॅक्स' जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

त्या अब्बांना मी सांगितलं, पाच लाख आत्ताच घेऊ नका. आधी मुलाला तीन महिने द्या आणि दहा गिऱ्हाइकं आणायला सांगा. ती वही मामूंना दाखवा. मग बसून कागद करा, आणि त्या कागदावर 'बुडाले तर' हा प्रश्न सगळ्यात वर लिहा.