झाडांचे वैद्य

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी बजावले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखिका म्हणवून घेण्याची माझी पात्रता नाही. परंतु यंदा आपल्या वसाहतीत ज्या विषयावर सर्वांत जास्त बोलणे झाले, आणि थोडे भांडणही झाले, त्यावरच चार शब्द लिहावे असे मनात आले. तो विषय म्हणजे आपली झाडे.

कोणी म्हणते, झाडे म्हातारी झाली, वादळात घरावर पडतील, एकदाची तोडून टाका. कोणी म्हणते, झाड देवासमान, त्याच्या फांदीलाही हात लावू नका. दोघींचेही मला पटेना. वाचनाची आवड मला लहानपणापासून आहे. शिवाय माझी मुलगी इंग्रजी पुस्तके वाचून त्यातले मला मराठीत समजावून सांगते. असे जमेल तसे मिळवत गेले, तेव्हा कळले की झाडांची निगा ही एक विद्या आहे, तिला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात शहाण्यासुरत्या माणसांनीही शेकडो वर्षे चाचपडून पाहिले आहे.

आपल्याकडे या विद्येला वृक्षायुर्वेद असे नाव आहे. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या विषयाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. आजारी झाडाचा सडका भाग आधी शस्त्राने साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप लावावा आणि दूधपाणी शिंपावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. वावडिंग म्हटल्यावर आपल्याला बाळाच्या पोटदुखीची आठवण होते. जे औषध लेकराला, तेच झाडाला! पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास सुरपाल नावाच्या पंडिताने याच विषयावर संपूर्ण ग्रंथ रचला. त्याची हस्तलिखित पोथी इंग्लंडातील ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे, आणि तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादहून प्रसिद्ध झाले.

मराठी राज्यातही झाडांचा विचार झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी इ. स. १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण येते. गलबते बांधायला लाकूड तर पाहिजेच. ते सागवानासारखे रानातले, परवानगीने आणावे. आंबा, फणस हेही उपयोगी खरे, परंतु त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय आहे. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोबदला देऊनच ते तोडावे, असेही सांगितले आहे. भगिनींनो, या आज्ञेत तोडायला सरसकट बंदी नाही. कोणते तोडावे, कधी तोडावे आणि कोणाला विचारून तोडावे, हे ठरवून दिले आहे. आपल्या वादातल्या दोन्ही बाजूंनी यातून घेण्यासारखे आहे.

सुमारे पाऊणशे वर्षांनी तिकडे इंग्लंडातही आरमारामुळेच झाडांच्या आजाराची चर्चा उठली. विल्यम फोर्सिथ नावाचा राजाच्या बागेचा माळी होता. शेण, जुन्या बांधकामाचा चुना, लाकडाची राख आणि नदीची वाळू यांचा लेप करून तो जखमी झाडांना लावी. या लेपाने पोखरलेले ओकवृक्षही धडधाकट होतात, असा त्याचा दावा होता. जहाजांना ओकचे लाकूड लागे. म्हणून सरकारने चौकशी करून त्याला इनाम दिले, आणि १७९१ साली त्याने आपली कृती छापून जाहीर केली. पुढे थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या फळझाडांच्या जाणकाराने तो दावा खोडून काढला. शेणाचा लेप साहेबानेही लावला होता, हे वाचून मला हसू आले. अंगण सारवणाऱ्या आपण बायका उगीच स्वतःला अडाणी म्हणवून घेतो!

त्यानंतरची गोष्ट जॉन डेव्ही या माणसाची. त्याचा जन्म १८४६ साली इंग्लंडात एका शेतावर झाला. विशी गाठेपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. पुढे बागकामात राहून तो आपल्या जिद्दीने वाचायला शिकला. १८७३ मध्ये तो अमेरिकेत गेला. तेथे ओहायो प्रांतातील केंट या गावी एक ओसाड पडलेले कब्रस्तान त्याच्याकडे सोपवले गेले. तेथली मोडकी झाडे त्याने अशी सावरली की लोक पाहायला येऊ लागले. १९०१ साली त्याने ‘झाडांचा डॉक्टर’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले, आणि १९०९ साली त्याची रीतसर कंपनी झाली. घरोघरच्या झाडांवर दोर लावून चढायचे, वाळलेले काढायचे, मोडलेले सावरायचे, हा पोटापाण्याचा सन्मान्य धंदा होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले. झाडाला ढोली पडली तर त्या काळचे हे वैद्य आतला कुजका भाग कोरून काढीत आणि दाढेत चांदी भरावी तशी ढोली सिमेंटने भरून टाकीत. दिसायला काम सुबक दिसे. परंतु झाड वाऱ्याने वाकते, सिमेंट वाकत नाही. आणि कोरताना झाडाने आतून घातलेला बांध फुटे, तो वेगळाच.

हा आतला बांध कसा असतो, हे दाखवून दिले ते अ‍ॅलेक्स शिगो यांनी. हे अमेरिकेच्या सरकारी वनखात्यात १९५९ पासून १९८५ पर्यंत शास्त्रज्ञ होते. त्यांच्या आधीचे लोक खोड आडवे कापून पाहत. शिगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरली आणि कूज कोठून सुरू होते व कोठे थांबते याचा माग काढला. १९७७ साली त्यांनी आपला सिद्धांत मांडला. तो साध्या शब्दांत असा : माणसाची जखम भरून येते, कारण जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाची जखम भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती घालते, सडका भाग कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. घरातली एक खोली गळू लागली म्हणून तिचे दार लिंपून टाकावे आणि बाजूला नवी खोली काढावी, तसे.

म्हणजे वावडिंग झाले, शेण झाले, डांबर झाले, सिमेंट झाले, आणि अखेर असे कळले की बांध झाड स्वतःच घालते. आपल्या हाती एवढेच आहे की जखम द्यावी लागली तर ती योग्य जागी आणि लहान द्यावी. फांदी जेथे खोडातून निघते तेथे बांगडीसारखा किंचित फुगीर गळा असतो. भिंतीची ताकद त्या गळ्यात असते. फांदी त्याच्या लगत बाहेर कापावी. खोडाशी अगदी सपाट कापली तर गळाच नाहीसा होतो. हातभर खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो. जड फांदी एका घावात पाडली तर खाली साल सोलत येते. म्हणून थोडे पुढे खालून एक काप, त्याच्या पलीकडे वरून दुसरा, आणि ओझे उतरल्यावर गळ्यापाशी शेवटचा, असे तीन काप घ्यावेत. वर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही. फळबागांत काही ठरावीक रोगांवर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, तो प्रश्न निराळा.

आता आपल्या दारातल्या इतिहासाकडे वळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर, पर्वती पायथा अशा ठिकाणी पूरग्रस्तांच्या वसाहती वसल्या. आपली वसाहतही त्यातलीच. माझ्या सासूबाई सांगतात, तेव्हा या उतारावर मुरूम आणि कुसळी गवत याखेरीज काही नव्हते. पुराने सर्वस्व गेलेल्या बायकांनी येथे प्रथम काय केले असेल, तर दारापुढे आळी करून झाडे लावली. आमच्या आजेसासूबाई भांडी विसळलेले पाणी न सांडता बादलीने आंब्याला नेऊन घालीत. पाण्याने ज्यांचे घर नेले, त्यांनी वाटी वाटी पाणी जपून ही झाडे जगवली. आज चहाची पातेली घेऊन आपण ज्या सावलीत बसतो, ती त्यांची आहे.

टेकडीच्या उतारावरचे झाड आणि सपाटीवरचे झाड यांत फरक आहे, हे आपण विशेषेकरून ध्यानात घेतले पाहिजे. झाडाची बहुतेक मुळे फार खोल जात नाहीत. ती वरच्या दोनतीन फूट मातीत, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. उतारावर वरच्या अंगाची मुळे तंबूच्या दोरासारखी झाडाला मागे ओढून धरतात आणि खालच्या अंगाची टेकूसारखी तोलून धरतात. वरच्या अंगाला गटारासाठी चर खणला की दोर तुटले. खालच्या अंगाची माती काढून भिंत बांधली की टेकू गेला. सपाटी करण्यासाठी बुंध्याशी भराव घातला की मुळांचा श्वास कोंडतो आणि साल कुजते. त्या वर्षी काही दिसत नाही. चारपाच वर्षांनी एखाद्या मुसळधार रात्री झाड पडते, आणि आपण वाऱ्याला दोष देतो. आपल्याच जिल्ह्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेवर माणसे गेली. अतिवृष्टी हे मोठे कारण होतेच. परंतु डोंगरउतार कापून सपाट केला जात होता, याकडेही जाणकारांनी बोट दाखवले. आपली टेकडी म्हणजे माळीण नव्हे. तथापि माती धरून ठेवायला मुळे लागतात, हा नियम दोन्हीकडे एकच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरी एका ठेकेदाराने फणसाचा शेंडा मारून त्याचे मुंडण करून दिले. ‘आता वीस वर्षे बघायला नको,’ असे तो म्हणाला. झाडाला अन्न पानांतून मिळते, ती सगळी गेली. मग उपाशी झाडाने कापलेल्या जागांतून घाईघाईने कोंब फोडले. असे कोंब वरवर धरलेले असतात. गेल्या वळवात त्यातलाच एक जाड झालेला कोंब मोडून पत्र्यावर पडला. शेजारच्या मावशी अंगणात होत्या, हातभर अंतराने वाचल्या. आता तो फणस वरून कुजू लागला आहे. ज्या भीतीने छाटला, तीच भीती छाटण्याने वाढवून ठेवली. मावशी रोज त्याच्याकडे पाहून हळहळतात. तो त्यांच्या सासूने लावलेला.

कायदाही आपल्या बाजूला आहे, तो माहीत असावा. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ साली झाला. त्यानुसार महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते, आणि त्याच्या परवानगीवाचून स्वतःच्या अंगणातले झाडही तोडता येत नाही. फांद्या छाटायच्या तरी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले; आणि झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. भगिनींनो, हिशेब करून पाहा. पुरानंतर लावलेल्या आपल्या झाडांनी साठी ओलांडली आहे. वाडे नव्हेत, पुतळे नव्हेत. राखेने घासलेल्या भांड्यांच्या पाण्यावर वाढलेली आपली झाडे वारसा ठरली आहेत. आता वसाहतीत जुनी घरे पाडून नव्या इमारती उठण्याची बोलणी चालू आहेत. नकाशावर झाड दिसले नाही तर ते तोडणे सोपे जाते.

म्हणून माझी मंडळाला तीन कामांची सूचना आहे. पहिले, हळदीकुंकवाला जशी घरोघरची यादी करतो तशी झाडांची यादी करू. शिवणाच्या टेपने छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा, झाड कोणी व केव्हा लावले ते जुन्या बायकांना विचारून लिहायचे. त्या आहेत तोवरच हे होईल. दुसरे, दरवर्षी चैत्रात, पावसाच्या पुष्कळ आधी, प्रत्येक झाड खालून वर पाहायचे : वाळकी फांदी, बुंध्याशी उगवलेली अळंबी, नवी पडलेली भेग, एका बाजूला उचललेली माती. असे काही दिसले तर जाणकाराला बोलवायचे आणि परवानगी काढायची. तिसरे, फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवायची. दिल्लीत हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली असाच आदेश दिला होता.

आणि छाटायला माणूस आला, की त्याला मजुरी विचारण्याआधी एकच गोष्ट विचारावी : फांदी नेमकी कोठे कापणार, ते बोट ठेवून दाखव. गळ्यावर बोट ठेवील त्याला चहा द्यावा. शेंड्याकडे कोयता दाखवील त्याला दारातूनच नमस्कार करावा. बरे काम करणाऱ्याची मजुरी थोडी जास्त असते. कारण तो दोर बांधून, सावकाश, फांदी खाली उतरवून काम करतो. ती देताना हात आखडू नये.

सर्व जुन्या भगिनींना वंदन करून, आणि काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास गोड मानून घ्यावे अशी विनंती करून, लेखणी खाली ठेवते. यादीच्या कामाला ज्यांना यायचे असेल त्यांनी येत्या शनिवारी दुपारी चार वाजता टेप घेऊन आंब्याखाली यावे.